भिंतीवरची छाटणी

किल्लीवाल्या आप्पांना अख्खी गल्ली वचकून असे, आणि त्यात आपला काडीचाही दोष नाही असं खुद्द आप्पांचं मत होतं. दुकान म्हणजे राहत्या घराचीच पुढची अर्धी खोली. भिंतीवर खिळ्यांच्या रांगा, खिळ्यांना कोऱ्या किल्ल्यांचे जुडगे, टेबलावर किल्ल्या कापायचं यंत्र, त्याच्या बाजूला कानशी आणि ग्रीसचा एक काळाकुट्ट डबा. गिऱ्हाईक झिजलेली किल्ली घेऊन आलं की आप्पा ती उजेडात धरत, चष्म्यावरून बघत आणि पहिला प्रश्न टाकत.

"असल कुठंय?"

"हीच आहे की."

"ही असल नव्हे. ही नकलेची नक्कल. दात बघा हिचे, माझ्या आजोबांना शेवटी शेवटी असे उरले होते. असल आणा, मग बोला."

असल हरवली म्हणूनच तर तो बिचारा आलेला असायचा. पण हे आप्पांना तोंडावर सांगायची कोणाची टाप नव्हती. मग आप्पाच चरफडत, पुटपुटत, कुलूप मागवून घेऊन नवी किल्ली बनवून देत, आणि ती लोण्यासारखी फिरे. कामात त्यांचा हात धरणारा दुसरा नव्हता, तोंडाचं तेवढं सोडून द्या.

त्यांचं म्हणणं असं, की किल्लीवरून काढलेली किल्ली चालते. तिच्यावरून काढलेली जरा खटखट करते. आणि तिच्यावरून काढलेली कुलपात जाऊन जी बसते ती बाहेर यायचं नाव घेत नाही. दर नकलेला केसभर फरक पडतो, आणि केसाकेसानं असल वस्तू हातची जाते. किल्ल्यांपुरतं हे शंभर टक्के खरं होतं. घोटाळा एवढाच झाला, की आप्पांनी तोच हिशेब झाडालाही लावला.

झाड म्हणजे त्यांच्या दाराशेजारची जास्वंद. लावली होती त्यांच्या बायकोनं. गल्ली तिला काकू म्हणायची, लहानथोर सगळेच. काकूंकडे आधी साधी लाल जास्वंद होती, चारचौघांकडे असते तशी. एका वर्षी त्या झाडाची एकच फांदी बिनसली. बाकी झाड लाल फुललं, आणि या फांदीवर फिकट पिवळी फुलं आली, त्यांवर लाल ओघळ, कोणीतरी रंगाचा ब्रश झटकावा तसे. आणि प्रत्येक फुलाची एक पाकळी कडेला आत दुमडलेली. काकू ते फूल बघून लहान मुलीसारख्या टाळ्या पिटत दुकानात आल्या.

"अहो, बाहेर या! जगात असं दुसरं नसेल!"

आप्पा बाहेर गेले, बघितलं, "हं" म्हणाले आणि परत आत आले. 'जगात असं दुसरं नसेल' हे वाक्य मात्र त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. पुढं काकूंनी ती फांदी कापली, मातीत खोचली, तिच्यावर काचेचा ग्लास उपडा घातला आणि तिला मुळं फुटल्यावर घरभर मिरवलं. तेव्हा त्यांनी आणखीही बरंच काही सांगितलं होतं. बी लावलं तर काहीही उगवेल, फांदी लावली तर हेच झाड येईल, वगैरे. पण तेव्हा आप्पांची कानस चालू होती. कानस चालू असताना नवऱ्याला सांगितलेलं सांगितल्यात धरायचं नसतं, हे काकूंनाही इतक्या वर्षांत कळलं होतंच.

जुनी लाल जास्वंद यथावकाश वाळून गेली. नवी मात्र माणसाच्या उंचीची झाली. मग काकू आजारी पडल्या आणि खिडकीशी ठेवलेल्या पलंगावरून झाडावर नजर ठेवू लागल्या. छाटणी आप्पांकडे आली. काकू आतून हुकूम सोडत आणि आप्पा बाहेर कात्री चालवत.

"तिरकी कापा. डोळ्याच्या खाली कापा. अहो, तो डोळा नव्हे, त्याच्या खालचा! आणि छाटणी कचऱ्यात टाकू नका हं. भिंतीवर ठेवा. ओळीनं."

"भिंतीवर कशाला?"

"वाळेल तिथं. कचऱ्यात कुजून वास मारते."

आप्पा मुकाट्यानं फाटकाशेजारच्या बुटक्या भिंतीवर फांद्या ओळीनं मांडून ठेवत. सकाळी भिंत साफ. सफाई कामगार नेत असणार, असं ते धरून चालले. एकदा तर ते कौतुकानं म्हणालेसुद्धा, "माणूस मोठा नियमित आहे हो. एक काडी मागं ठेवत नाही." त्यावर काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, आणि आप्पा पाणी आणायला धावले. हसण्यासारखं काय होतं ते त्यांना कळलं नाही.

मग काकू गेल्या. त्या गेल्यावर काही आठवड्यांनी एका सकाळी आप्पांना जास्वंदीची एक फांदी कापलेली दिसली. तिरकी, डोळ्याच्या खाली, अगदी रीतसर. आप्पांचं डोकंच फिरलं. बायको गेली, आणि आता तिचं झाडही लोक तुकड्या-तुकड्यानं नेणार? आज एक फांदी, उद्या तिची फांदी, परवा तिच्या फांदीची फांदी. केसाकेसानं फरक पडत जाईल, आणि शेवटी गावभर कसली तरी झिजकी पिवळी फुलं उरतील, जी कोणाचीच नसतील. नाही म्हणजे नाही. त्यांनी दोन दिवस दुकान बंद ठेवून झाडाभोवती लोखंडी जाळीचा पिंजरा बांधला. त्याला दार केलं, दाराला स्वतःच्या हातानं घडवलेलं पितळी कुलूप घातलं, आणि किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात अडकवली. गल्लीतली नक्कल नसलेली ती एकमेव किल्ली.

त्यानंतर कोणी फांदी मागायला धजलं नाही. पण आणखी एक गोष्ट झाली, आणि ती आप्पांना फार लागली. लोकांनी त्यांना घरी बोलावणं सोडलं. पूर्वी कुणाचं कपाट अडलं, कुणाचा कडी-कोयंडा सुटला, की "आप्पा, जरा येऊन जा ना" असं बोलावणं यायचं, आणि गेल्यावर चहा झाल्याशिवाय सुटका नसे. आता माणसं कुलूप उचकटून दुकानात घेऊन येत. समोरच्या सलूनवाल्यानं तर कहर केला. त्याच्या मागच्या दाराचं कुलूप बिघडलं, तर पठ्ठ्यानं अख्खं दार बिजागऱ्यांतून काढलं आणि दुसऱ्या एकाला हाताशी घेऊन खांद्यावरून दुकानात आणलं.

"अरे, मी आलो असतो की!" आप्पा म्हणाले.

"छे छे, तुम्हाला कशाला त्रास," सलूनवाला घाम पुसत म्हणाला. त्यानं नजर मात्र दिली नाही.

आप्पांनी मनाशी खूणगाठ बांधली. लोकांना हव्या होत्या त्या काकू. आपण त्यांच्याबरोबर फुकट खपून जात होतो. हे त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवसापासून गिऱ्हाइकांवर ते जरा जास्तच खेकसू लागले.

एकट्या लेकीवर मात्र त्यांचं खेकसणं चालत नसे. ती नोकरीसाठी दूरच्या शहरात राहायची आणि दर फोनला झाडाची फांदी मागायची. आप्पा दर वेळी काहीतरी काढून टाळायचे. आधी नीट घर बघ. मग म्हणे ऊन कुठून येतं ते सांग. मग म्हणे हा मोसम बरा नाही.

या खेपेला ती म्हणाली, "बाबा, घर मिळालं. बाल्कनी आहे. ऊन पूर्वेचं आहे. मोसम मी तीन माळ्यांना विचारून ठेवलाय. आता बोला."

आप्पा खिळ्यावरच्या कोऱ्या किल्ल्या सारख्या करू लागले.

"गावभरच्या किल्ल्यांच्या नकला करून देता, आणि पोटच्या पोरीला आईच्या झाडाची एक फांदी देववत नाही तुमच्यानं?"

"नक्कल ती नक्कल असते, पोरी."

"असू दे. मला तिथं आईशिवाय राहायला नाही आवडणार, बाबा. एवढंच."

हे तिनं भांडणाच्या सुरात म्हटलं नाही, म्हणूनच आप्पांचा नाइलाज झाला. "ये रविवारी," ते म्हणाले. "देतो."

फोन ठेवला, गळ्यातली किल्ली काढली आणि कात्री घेऊन ते पिंजऱ्याकडे गेले. आणि तिथं फांदी निवडता निवडता थबकले.

झाड गेले काही दिवस मलूल दिसत होतं, पण ते तहानलेलं असेल असं समजून आप्पा पाणी ओतत राहिले होते. खरी भानगड दुसरीच होती. महिन्यापूर्वी खोडावरून मुंग्यांची रांग चढताना त्यांना दिसली होती, आणि मुंग्यांनी आणलेली पांढरी कीड शेंड्यांना चिकटली होती. आता आप्पांच्या घरात कुठल्याही दुखण्यावर औषध एकच, ग्रीस. दार कुरकुरलं, ग्रीस. पंखा घरघरला, ग्रीस. एकदा गुडघ्यालाही लावायला निघाले होते, काकूंनी डबा हिसकावून घेतला म्हणून बचावले. तर त्यांनी यंत्राचं काळं ग्रीस बोटांवर घेऊन खोडाला मातीपासून पहिल्या फाट्यापर्यंत चांगलं जाड थापलं. मुंग्या थांबल्या. आप्पा खूश झाले. खोडाची साल आतून कुजत होती, ते त्यांना दिसणार कसं?

आता त्यांनी एका फांदीवर नख ओढलं. काकूंनी शिकवलं होतं, सालीखाली हिरवं दिसलं तर जीव आहे. खाली तपकिरी निघालं. दुसरी फांदी, तपकिरी. ते खोडापर्यंत खाली खाली नख ओढत आले. कुठंही हिरवा ठिपका म्हणून नव्हता. जगातल्या चोरांपासून राखलेलं झाड आप्पांनी स्वतःच्या हातांनी, औषध म्हणून, मारलं होतं. पिंजऱ्यात वाकून उभे राहून ते मोठ्यांदा रडले. मग कोणी बघू नये म्हणून पिंजऱ्याला कुलूप लावून आत गेले.

लेकीला फोन करायचं धाडस काही झालं नाही. रविवार तर येतच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी समोरची इस्त्रीवाली धापा टाकत दुकानाच्या पायरीशी आली. समोरच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं इस्त्रीचं दुकान होतं. बाई बोलघेवडी, पण पिंजरा झाल्यापासून आप्पांशी कामापुरतंच बोलायची. आता ती नुसतीच पदराशी चाळा करत उभी होती.

"काय आणलंय? ठेवा इथं," आप्पा मान वर न करता म्हणाले.

"आणता येत नाही हो, आप्पा. दार आतून लागलंय."

"म्हणजे?"

"एकांना शर्ट द्यायला बाहेर आले, वाऱ्यानं दार आपटलं, खटका पडला. किल्ली आत." तिनं मागं वळून आपल्या दाराकडे बघितलं. "आणि इस्त्री चालू आहे. कोटावर."

आप्पा एका उडीत उठले. तारेचे आकडे, पातळ पट्टी, छोटी हातोडी घेऊन ते रस्ता ओलांडून गेले. दाराच्या फटीतून जळका वास यायला लागला होता. त्यांनी पट्टी सारली, तार घातली, कान दाराला लावला. कुलपाला ते नेहमी हलक्या आवाजात काहीतरी बोलत, काय ते कोणाला ऐकू येत नसे. खटका सुटला, आणि दार उघडल्याबरोबर धुराचा लोट बाहेर आला.

"झालं! झालं! आता मी बघते!" इस्त्रीवाली त्यांना आडवी आली. "तुम्ही जा आप्पा, तुमचं दुकान उघडं आहे!"

"अहो बाई, घर जळतंय तुमचं!"

"जळू दे, मी बघते ना!"

आप्पांनी तिला बाजूला सारलं, नाकाला रुमाल लावून आत घुसले आणि भिंतीतला प्लग उपटला. कोटाच्या पाठीवर इस्त्रीच्या आकाराचं काळं भोक पडलं होतं. खोलीत डोळे उघडवत नव्हते. ते खोकत खोकत मागच्या दाराकडे वळले.

"ते नको! मागचं दार नको उघडू!" घाबरून ती आप्पांशी चक्क एकेरीवर आली.

पण आप्पांनी कडी काढली होती.

मागं हातभर रुंदीचं अंगण होतं. त्यात तेलाच्या जुन्या डब्यात एक जास्वंद उभी होती, आप्पांच्या खांद्याएवढी, पानांनी नुसती गच्च. तिच्यावर फुलं होती. फिकट पिवळी, लाल ओघळांची. आणि प्रत्येक फुलाची एक पाकळी कडेला आत दुमडलेली.

आप्पा उंबऱ्यावर मटकन बसले. मागून धूर त्यांच्या डोक्यावरून बाहेर जात होता. इस्त्रीवालीला वाटलं, आता हा माणूस गल्ली डोक्यावर घेणार. तिनं रडायलाच सुरुवात केली.

"चुकलं आप्पा. पण तुम्हीच तर ठेवायचात ना भिंतीवर."

"मी?"

"छाटणी हो. ओळीनं मांडून. काकू सांगायच्या, मागितलेली फांदी लागत नाही, चोरलेली लागते. तेव्हा माझ्याकडे मागायचं नाही, आणि मी कोणाला देणार नाही. भिंतीवरची कोण नेतं ते मी बघत नाही. असं म्हणायच्या आणि खिडकीतून बघत बसायच्या. आम्ही अंधार पडता पडता एक एक उचलायचो, आणि त्या आतून हसायच्या."

आप्पांना तो ठसका आठवला. पाणी आणायला धावलेले आपण आठवलो. नियमित माणूस.

"आम्हाला वाटलं, तुम्हालाही ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्या गेल्यावर माझ्या झाडावर कीड पडली, म्हणून मी नेहमीसारखी एक फांदी न्यायला आले. भिंतीवर काही नव्हतं, म्हणून कापून नेली. दुसऱ्या दिवशी तुम्ही पिंजरा बांधलात. मग कोणाची हिंमत आहे हो, तुम्हाला घरात घ्यायची? सलूनवाल्याचं मागच्या दाराशीच आहे. गणिताच्या बाईंचं न्हाणीघराच्या खिडकीत आहे. कोपऱ्यावरच्या चांभारानं गच्चीत लावलंय. प्रत्येकाला वाटायचं, आप्पा आले की दिसणार."

"म्हणून त्यानं दार खांद्यावर आणलं होतं?"

"नाहीतर काय!"

"आणि मी समजत होतो, ती गेल्यावर मी कोणालाच नको झालोय."

"अहो, तुम्ही नको नव्हता. तुम्हाला झाड दिसायला नको होतं." इस्त्रीवालीनं नाक पुसलं. "चहा तर तुमच्यावाचून कोणाच्या घरी जातसुद्धा नव्हता नीट."

हे खोटं होतं, पण आप्पांना ते फार बरं वाटलं. ते उठले आणि झाडापाशी गेले. मग नेहमीच्या शंकेनं डोकं वर काढलंच.

"तुमचं तर किडीनं गेलं होतं म्हणालात. मग ही? माझ्या झाडाची कापून नेलेली?"

"ती लागलीच नाही. घाईघाईत उलटी खोचली होती मी, शेंडा मातीत. मग गणिताच्या बाईंच्या खिडकीतून एक चोरली. बाईंनी सलूनवाल्याची चोरली होती. त्यानं भिंतीवरची."

आप्पांनी मनात मोजलं. असल, तिची नक्कल, नकलेची नक्कल, आणि तिचीही ही नक्कल. कुलपात अडकून बसणारी किल्ली. त्यांनी एक फूल हलकेच वळवून उजेडात धरलं, चष्म्यावरून बघितलं, चष्म्यातून बघितलं. ओघळ तेच. देठाजवळचा गर्द ठिपका तोच. पाकळी त्याच बाजूनं, तेवढीच दुमडलेली. आयुष्यभर केसाचा फरक हुडकण्यात गेलेले ते डोळे. त्यांनी खूप वेळ शोधलं, आणि त्यांना केसाचाही फरक सापडला नाही.

"झिजलं नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "अहो, काहीच झिजलं नाही!"

"काय झिजायचंय? काकू म्हणायच्या, फांदीतून नवं झाड येत नाही, जुनंच पुढं चालतं. हे त्यांचंच आहे, आप्पा. त्यांनी बघितलेलं, तेच."

आप्पांनी फूल सोडलं आणि हात पाठीमागं बांधले. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. ग्रीस, तपकिरी साल, रविवारी येणारी लेक. इस्त्रीवालीनं ग्रीसचं ऐकून दोन्ही हात गालांवर ठेवले.

"एक फांदी द्याल?" आप्पांनी विचारलं. कोणाकडे काही मागायची त्यांना सवय नव्हती. शब्द अगदी अडखळत बाहेर आले.

"नाही," इस्त्रीवाली म्हणाली.

"नाही?"

"नाही म्हणजे नाही. देऊन लागत नाही." तिनं कमरेची कात्री काढून डब्याच्या कडेवर ठेवली. "मला त्या कोटाचं काय झालं ते बघायचंय." आणि ती आत जाऊन दाराकडे पाठ करून उभी राहिली आणि कोटाशी मोठमोठ्यानं भांडू लागली.

आप्पा कात्रीकडे बघत राहिले. उभ्या आयुष्यात त्यांनी परक्यांची शेकडो दारं उघडली होती, तिजोऱ्या उघडल्या होत्या, आणि कोणाची टाचणीसुद्धा उचलली नव्हती. त्यांच्या धंद्याची अब्रूच त्यावर उभी होती. आता भरदुपारी, शेजारणीच्या अंगणात, कपाळावर घाम फुटलेला असताना त्यांनी पहिली चोरी केली. तिरकी कापली. डोळ्याच्या खाली. वरच्या डोळ्याच्या नव्हे, बरोबर त्याच्या खालच्या. मग फांदी सदऱ्यात खुपसली आणि रस्ता ओलांडला. सलूनवाला एका गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा धरून उभा होता. त्याला आप्पांच्या सदऱ्याच्या गळ्यातून डोकावणारी दोन हिरवी पानं दिसली. त्यानं ताबडतोब गिऱ्हाइकाची मान दुसऱ्या बाजूला वळवली.

आप्पांनी फांदी ओल्या मातीत खोचली, वर ग्लास उपडा घातला. एकच फांदी. लागेल की नाही देव जाणे, आणि लागली तरी ती लेकीची. आपल्याला पिंजऱ्यातलं वाळकं खोड. ठीक आहे, त्यांनी मनाची समजूत घातली. चोर म्हणून पहिलाच दिवस होता, आणखी एक चोरायची हिंमत काही होईना.

रविवारी सकाळी त्यांनी दार उघडलं आणि ते फाटकाशीच थबकले.

बुटक्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फांद्या मांडलेल्या होत्या. ओळीनं. एकीचं बूड कडक इस्त्री केलेल्या रुमालात गुंडाळून ओलं केलेलं. एकीचं सलूनच्या टॉवेलच्या पट्टीत. एकीला चौकटीच्या वहीचा कागद, त्यावर बेरजा. एकीला चामड्याची वादी बांधलेली. आणि गल्लीत चिटपाखरू नाही. सलूनचं शटर अर्धं खाली होतं. इस्त्रीवाली रस्त्याकडे पाठ करून तोच जळका कोट घासत बसली होती. तो कोट आता घासून काही उपयोग नव्हता.

आप्पा भिंतीवरून हात फिरवत गेले, एकाही फांदीला न लावता. काकू असत्या तर खिडकीत असत्या. त्यांनी उगाचच खिडकीकडे बघितलं.

तेवढ्यात लेक गाडीतून उतरली. तिची नजर आधी पिंजऱ्याकडे गेली. दार सताड उघडं, आत वाळकं खोड.

"बाबा? हे काय?"

कसं सांगायचं याचे आप्पांनी चार दिवस मनसुबे केले होते. त्यातला एकही कामी आला नाही. "तुझ्या आईचं झाड मी मारलं," ते म्हणाले. "मुंग्या होत्या. ग्रीस लावलं."

"ग्रीस?" तिचा चेहरा पडला, मग हसावं की रडावं न कळून वेडावाकडा झाला. "बाबा, झाडाला ग्रीस?" आणि मग तिला भिंत दिसली. ती एकेका फांदीवरून बघत गेली. एका फांदीच्या शेंड्याला कळी होती, अर्धवट उमललेली, आणि तिची एक पाकळी आत दुमडलेली होती. लेकीनं तोंडावर हात ठेवला.

"हे तर तेच आहे," ती म्हणाली.

"तेच."

"कुठून आलं?"

"तुझ्या आईनं ठेवलंय."

तिनं त्यांच्याकडे बघितलं. तिला किती कळलं कोण जाणे, पण तिचे डोळे भरून आले. "मग मला एक द्या ना, बाबा."

"नाही," आप्पा म्हणाले. "मी देणार नाही. भिंतीवरचं कोण नेतं, ते मी बघतही नाही."

आणि ते पाठ फिरवून दुकानात जाऊन बसले. गळ्यातला दोरा काढला, पिंजऱ्याची ती नक्कल नसलेली किल्ली यंत्रात घट्ट पकडली, आणि कानस घेऊन तिचे दात एकेक करून घासायला लागले. मागं भिंतीवर पानं खसखसली. मग आणखी एकदा. आप्पांनी मान वळवली नाही. ते मोठ्यानं कानस चालवत राहिले, किल्ली अगदी गुळगुळीत होईपर्यंत.